कातळाच्या चढाला पुरेल अशी मोटार

९ डिसेंबर

जीप गेली.

धोंडू सकाळीच आला. चावी घ्यायच्या आधी वाकून राहुलच्या पायाला हात लावला. चुलतभाऊच, पण वयाने बराच लहान. राहुल म्हणाला, "क्लच हळू सोड रे. पहिला गेअर जरा घट्ट हाय." एवढंच बोलला. मग पडवीत येऊन बसला आणि जीप खालच्या वळणाआड जाईपर्यंत आवाजाकडे कान लावून राहिला.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते. वहीत राहुल. इथे कोण ऐकतंय!

लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्या जीपने खाली पोलादपूरला जाते. पुढची डावीकडची सीट माझी. उमरठकडच्या वाड्यांतली सगळी माणसं मागे कोंबून बसतील, पण ती सीट कोणी घेणार नाही. उद्या धोंडू देईल ती सीट, देईल नक्की. मलाच बसवणार नाही.

११ डिसेंबर

लिहून टाकते. मनात ठेवून ठेवून जड झालंय.

दसऱ्यानंतरची गोष्ट. संध्याकाळची फेरी घेऊन राहुल वर येत होता, मीही होते. दिवे लागले होते, पण अजून पुरता काळोख नव्हता. रस्त्याच्या कडेने गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. मला दिसत होती. मागच्यांना दिसत होती. राहुलला नाही! मागून सगळे ओरडले, त्याने ब्रेक मारला. बाईच्या डोक्यावरचा भारा पडला, तिला खरचटलंसुद्धा नाही. ती उलट हसली, म्हणाली, "काय रे राहुल, झोपलास काय?"

राहुलने चावी काढली. खाली उतरला आणि प्रवाशांना म्हणाला, "उतरा सगळे. मी पुढं नेत नाय." पैसे परत दिले. लोक बडबडत चालत गेले. आम्ही दोघं अंधार होईपर्यंत जीपजवळ उभे. मग म्हणाला, "मला ती दिसलीच नाय गो. आत्ता तू पण दिसत नायस."

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं — डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं जातं, मग मधलं उरतं तेही हळूहळू. औषध नाही. रक्तातून येतो म्हणे. मामंजी शेवटी भिंत धरून चालायचे, आम्ही सगळे मोतीबिंदू म्हणायचो.

१४ डिसेंबर

धोंडूची संध्याकाळची फेरी लवकर सुटते. त्याचंही बरोबर आहे, त्याला आता स्वतःच्या घराबरोबर आमच्याही घरचं बघायचं. पण मी कामाला जाते ते दर्शनाताईंचं शिलाईचं दुकान सातपर्यंत उघडं. लग्नसराई, ब्लाउजचे ढीग. आज चालत वर आले. कातळाच्या चढाला पायात गोळे आले. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात एकटी.

घरी आले तर राहुल अंगणाच्या टोकाला उभा. केव्हापासून उभा होता आईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तू नाय आलीस तवापासनं."

अंगणाच्या पुढे मात्र आला नाही. पूर्वी असता तर जीप काढून खाली आला असता.

१५ डिसेंबर

राहुल चहा पिताना अचानक म्हणाला, "तू सायकल घे. मोटारची."

मी हसले. शेवटची सायकल तुडीलला चालवली, शाळेत असताना. माहेरचा रस्ता नदीकाठाने सपाट. इथे सपाट काही असेल तर फक्त आमचं अंगण! स्कूटर म्हटलं तर मला लायसन नाही आणि ट्रकांची भीती. राहुलने सगळा विचार केला होता. "अडीचशे वॅटच्या आतली घेतली तर लायसन नको, नंबरप्लेट नको. पायडल मारायचं, जोर मोटार लावते."

बरेच दिवसांनी एवढी वाक्यं सलग बोलला.

१९ डिसेंबर

दिवसभर फोन डोळ्यासमोर धरून बसतो. नळीतून बघावं तसं त्याला मधलं दिसतं — एक शब्द, मग सरकवून पुढचा. मी म्हटलं मी वाचून दाखवते. "नको. वाचता येतंय तवर वाचू दे."



२१ डिसेंबर

आज रविवार, महाडला गेलो तिघंही. सलोनीने बापाचा हात धरला होता, पण असा धरला होता की बघणाऱ्याला वाटावं लाडाने धरलाय. सोळा वर्षांची पोर, कुठे शिकली हे!

अनिलशेठचं सायकलचं दुकान बाजारपेठेत. मोटार दोन तऱ्हेची असते. एक मागच्या चाकात बसते — हब मोटार. साधी, हलकी, देखभाल कमी. दुसरी पायडलच्या मधोमध बसते — मिड मोटार. ती चेनवरून जोर लावते, त्यामुळे सायकलचे गेअर तिला वापरता येतात. चढाला तीच चांगली, पण महाग, आणि चेन लवकर झिजते.

मला चाकातली आवडली. दुकानासमोर चालवूनही बघितली. सुरुवातीला हँडल लटपटलं, मग जमलं! वारा लागला कानाला. एक क्षण तुडीलला असल्यासारखं वाटलं.

राहुल मात्र हटून बसला. "चाकातली चढाला तापते." अनिलशेठ म्हणाले, "दादा, मग पाचशे वॅटची लावून देतो. कोण बघतंय?"

राहुल म्हणाला, "शेठ, मी एवढी वर्षं पाशिंजर वाहिले. कागद नसलेली गाडी कधी रस्त्यावर काढली नाय. बायकोला देऊ?"

अनिलशेठनी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, पुढच्या रविवारी मी दुकानातली एक चाकातली घेऊन वर येतो, वहिनींना तुमच्याच चढावर चालवू दे.

परत येताना धोंडूच्या जीपमध्ये राहुल मागे बसला. धोंडू पुढे बस म्हणत होता. नाही बसला.

२८ डिसेंबर

अनिलशेठ आले, बोलल्याप्रमाणे. पोलादपूरच्या पुलापासून मी सायकल घेतली, ते मागून मोटारसायकलवर. पहिला चढ मजेत चढले. दुसऱ्याला आवाज बदलला. कातळाच्या चढाला अर्ध्यावर जोर गेला आणि मोटार बंद! हात लावला तर चटका बसला. ढकलत वर आणली. घामाघूम.

राहुल पडवीत होता. मी काही सांगायच्या आधी म्हणाला, "कातळाला गेली ना?"

मला राग आला. म्हटलं, "गेली, मग काय झालं? चढ काय रोज संध्याकाळी एकदाच. तापली तर थांबेन पाच मिनिटं. ढकलेन! एवढी महाग मोटार कशाला?"

तेव्हा बोलला. खाली बघत, अगदी हळू. "रातची तू मधीच अडकलीस, तर मी न्यायला येऊ शकत नाय. म्हणून नको गो बंद पडणारी."

अनिलशेठ उगाचच सायकलच्या चेनला तेल घालू लागले.

मिड मोटार ठरली.

४ जानेवारी

बॅटरीवरून आज परत दोघांत वाद. मला लहान हवी, उचलायला हलकी. वाडीत लाइट कधी असते कधी नसते. दुकानात नेऊनही चार्ज करता यायला पाहिजे. राहुलला मोठी हवी. आणि त्यातही ती दुसऱ्या जातीची — वजनाला जास्त पण उन्हाळ्यात तापत नाही, वर्षानुवर्षं टिकते, असं अनिलशेठ फोनवर सांगत होते.

मी म्हटलं, "लहानीत जाऊन येऊन होतंय की! अनिलशेठच म्हणाले."

"आज होतंय. बॅटरी आज किती जाते ते नको विचारू. दरसाल थोडी थोडी कमी होते ती. चार वर्सांनी किती जाईल ते विचार—"

आणि थांबला. आई आत तांदूळ निवडत होत्या, त्यांचाही सुपाचा आवाज थांबला.

मोठी घ्यायची ठरली. मीच म्हटलं घेऊ.

१८ जानेवारी

सायकल आली! वाडीतली सगळी पोरं जमली. आईंनी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "मला पण मागं बसव एकदा. देवळापर्यंत." पंच्याहत्तरीची बाई! सलोनी हसून हसून खाली बसली.

राहुलने सायकल हातांनी बघितली. मोटार, चेन, बॅटरीची कडी. ब्रेक दाबला की मोटार आपोआप सुटते ना, ते तीन-तीनदा दाबून बघितलं. उतारावर तेच महत्त्वाचं म्हणाला. पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क ब्रेक.

मग मला बसवून रस्ता शिकवला. सतरा वेळा नाही, शंभर वेळा गेलेय मी त्या रस्त्याने, पण बाजूला बसून. चालवणाऱ्याचा रस्ता वेगळाच असतो! पिंपळाच्या वळणाला आतून घ्यायचं नाही, खडी असते. मोरीवर, ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलावर, रस्ता अरुंद होतो, कठड्यापासून हातभर लांब राहायचं. कातळाच्या चढाला थांबून गेअर बदलायचा नाही, आधीच हलका करून ठेवायचा. डोळे मिटून सांगत होता सगळं. मिटले काय आणि उघडे काय, हे माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

१९ जानेवारी

कातळ चढले! न उतरता! वर पोचल्यावर रडू आलं, काय कारण कोण जाणे.

२ फेब्रुवारी

सवय झाली. सकाळी उतारावर मोटार बंदच ठेवते. संध्याकाळी तिच्या जोरावर वर. दर्शनाताई म्हणतात, "रूपाली, तुझा चेहरा बदलला गं." बदलला असेल. स्वतःच्या पायावर घरी येते. कोणाची वाट बघावी लागत नाही.

राहुलचा मात्र उलटा प्रवास. सायकल ठरेपर्यंत त्याला काम होतं. आता काही नाही. फोनही डोळ्यासमोर धरत नाही, मधलंही धुरकट झालंय म्हणतो. सकाळी पडवीतल्या खुर्चीत बसतो, संध्याकाळी मी येते तेव्हा तिथेच असतो. परवा धोंडू बोलवायला आला, "चल दादा, खाली स्टँडवर सगळे आठवण काढतायत." म्हणाला, डोकं दुखतंय. शेजारच्या घरच्या सत्यनारायणालाही गेला नाही. "लोकांच्या ताटात पाय पडंल माझा."

आई एकदा म्हणाल्या, "अरे, तुझा बाप तसाच फिरायचा, ठेचकाळत." राहुल उठून आत गेला.

११ फेब्रुवारी

सलोनीचा अकरावीचा क्लास आता संध्याकाळचा झाला. परीक्षेआधी महिनाभर. तिला सायकल हवी. मी म्हटलं आठवड्यातून तीन दिवस तू ने, मी धोंडूबरोबर जाईन, दर्शनाताईंना सांगून लवकर निघेन.

राहुलने तिलाही रस्ता शिकवला. तीच मोरी, तोच पिंपळ. ती म्हणे, "पप्पा, मला माहितीये!" तरी पूर्ण ऐकून घेतलं तिने.

१९ फेब्रुवारी

सलोनी पडली.

२० फेब्रुवारी

काल लिहवलं नाही.

क्लासहून परत येत होती. सूर्य बुडाला होता, पण रस्ता दिसत होता. मी धोंडूच्या जीपने तिच्या थोडी आधीच वर आले होते, म्हणून मला माहीत आहे केवढा उजेड होता. मोरीवर ती सरळ कठड्यावर गेली. वळलीच नाही. सायकल अडकली आणि ती कठड्यावरून पलीकडे, ओढ्यात. ओढा कोरडा, दगड सगळे. महादू, वाडीतलाच, गुरं घेऊन मागून येत होता. त्यानेच उचलून आणली.

उजवा हात मनगटात मोडलाय. हनुवटीला टाके. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, नशीब, डोकं वाचलं.

राहुलला दवाखान्यात आणायला धोंडू परत वर आला. जीपमध्ये पुढे बसून आला तो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंगणाबाहेर. आला आणि सलोनीच्या खाटेपाशी हात चाचपडत तिचा चेहरा शोधू लागला. हनुवटीच्या पट्टीला बोट लागलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मोटारीनं खेचली काय गो तुला?"

सलोनी म्हणाली, "कळलंच नाही पप्पा. एकदम कठडाच आला."

"खेचली. खेचलीच असणार."

२२ फेब्रुवारी

राहुलने अनिलशेठला फोनवर नको नको ते बोलून घेतलं. "ब्रेक दाबल्यावर मोटार सुटली नाय. माझी पोर मारली असती तुमी!" मी फोन काढून घ्यायला गेले तर माझा हात झटकला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

अनिलशेठ दुपारी आले. उलट उत्तर दिलं नाही. पुढचं चाक वाकलं होतं ते बदललं, मग मोटारीची एक एक वायर उघडून बघितली. ब्रेक दाबून दाबून दाखवला — मोटार लगेच सुटत होती. स्वतः मोरीपर्यंत जाऊन आले, दोनदा.

मग राहुलपाशी बसून म्हणाले, "दादा, मोटार निर्दोष आहे. ब्रेकही. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण सुद्धा नाही. तिने ब्रेक दाबलाच नाही."

"म्हंजे माझ्या पोरीला चालवता येत नाय?"

"तसं नाही म्हणत मी."

"काढून न्या ती मोटार. मला नको ती दारात."

अनिलशेठ माझ्याकडे बघत राहिले. मी मानेनेच नाही म्हटलं. सायकल गोठ्यात ठेवली आणि ते गेले. चहासुद्धा न घेता गेले.

२३ फेब्रुवारी

सलोनीला घास भरवत होते. उजवा हात गळ्यात. मी सहज विचारलं, "काय झालं होतं गं खरंच? लक्ष कुठे होतं?"

"समोरच होतं. पण समोरचंच दिसतं ना तेव्हा. कडेचं कुठे दिसतं!"

"तेव्हा म्हणजे?"

"संध्याकाळी. दिवे लागल्यावर." आणि माझ्याकडे बघून, अगदी सहज, "सगळ्यांना तसंच असतं ना?"

हातातला घास खाली ठेवला मी. पाठीमागे दारात राहुल उभा होता. मला वाटलं आईंकडे बसलाय.

२४ फेब्रुवारी

दुपारी लख्ख उन्हात राहुलने सलोनीला अंगणातल्या पायरीवर बसवलं. मला म्हणाला, "तू तिच्या मागं उभी रहा. हात दोनी बाजूला पसर. बोटं हालवत हालवत हळूहळू पुढं आण."

सलोनीला म्हणाला, "तू माझ्या तोंडाकडं बघ. मान हालवायची नाय, डोळे हालवायचे नाय. आईची बोटं दिसली का 'आली' म्हण."

ही तपासणी मला माहीत होती. मुंबईला डॉक्टरांनी त्याची अशीच घेतली होती, मी बाजूला उभी होते. मला वाटलं हात उचलूच नयेत.

उचलले. कानांच्या मागे बोटं हलवली. कानांच्या पुढे आणली. गालांपाशी आणली.

सलोनी म्हणाली, "सुरू कर की गो आई!"

हात पुढे नेत राहिले. राहुल समोर ताठ बसलेला, त्याला ना माझी बोटं दिसत होती ना माझा चेहरा. नुसता कान देऊन बसला होता त्या एका शब्दासाठी.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आली."

राहुलने विचारलं, "कुठं हायत हात?"

मी हात तसेच धरून ठेवले.

"रूपाली, कुठं हायत हात?"

तो उठला. चाचपडत माझ्यापाशी आला. माझा खांदा सापडला. खांद्यावरून कोपर, कोपरावरून मनगट, मनगटावरून बोटं. मग बोटांपासून सलोनीचा गाल किती लांब आहे ते हाताने बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. आणि तिथेच तिच्या पायांशी मातीत बसला.

सलोनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "काय झालं? पप्पा? मी चुकले काय?"

"नाय बाय. तू बरोबर सांगितलंस."

२५ फेब्रुवारी

शाळेतल्या शिबिरात तपासले होते तिचे डोळे. तक्त्याची शेवटची ओळ वाचली होती तिने, न अडखळता! सर म्हणाले होते, हिची नजर घारीची. मधलं दिसत होतं ना. मधलं सगळं दिसत होतं.

४ मार्च

शिमग्याची पालखी दारात आली. मुंबईकर सगळे आलेत, ढोल, गुलाल. दरवर्षी राहुल पालखी खांद्यावर घेऊन नाचतो. ह्या वर्षी पोरांनी बोलवलं, तो आतच होता. सलोनी एका हाताने ओटी भरायला गेली. देवापुढे डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं असेल ते विचारायची हिंमत नाही झाली.

आईंनी मात्र पालखीसमोर मोठ्याने विचारलं, "बाप नेलास, लेक धरलास, आता नात पण? कोणाचं काय खाल्लं आमी?" भोई पालखी धरून खाली मान घालून उभे. ढोलवाला थांबला.

१० मार्च

मुंबई. तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. यंत्रात डोकं घालून सलोनी बसली, दिवे दिसले की बटन दाबायचं. मी बाहेरून बघत होते. दिवे लागत होते, ती बटन दाबत नव्हती.

तोच आजार. डॉक्टर म्हणाले, हिला लवकर कळलं हे चांगलं. शिकू दे, पुस्तकं वाचू दे, बरीच वर्षं वाचता येईल. फक्त संध्याकाळनंतर एकटी रस्त्यावर नको, आणि सायकल-गाडी नको.

जिन्याने उतरताना सलोनीने मधेच विचारलं, "म्हणजे मी पप्पांसारखी?" राहुलने रेलिंग सोडून तिचा खांदा धरला. दोघं तसेच उतरले, एकमेकांना धरून, पायरी पायरीने. मी मागे. मला सगळं लख्ख दिसत होतं. नको होतं.

१३ मार्च

सलोनी दिवसभर खोलीत. पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. मैत्रिणी आल्या, डोकं दुखतंय म्हणाली. अगदी बापाचे शब्द. बापाच्याच सुरात.

राहुलने ते ऐकलं. मी बघितलं त्याने ऐकलेलं.

१७ मार्च

आजपासून कामावर. गोठ्यातून सायकल काढली, पुसली. राहुलने अडवलं नाही. संध्याकाळी मोरीवर उतरले आणि हातात धरून पार केली. तिथे चालवणार नाही मी कधी.

२२ मार्च

राहुलने अनिलशेठला फोन केला. माफी मागितली. मग बाहेर अंगणात उभा राहून बराच वेळ त्यांच्याशी फोनवर काहीतरी बोलत होता. मी विचारलं तर म्हणाला, "सांगतो."

२९ मार्च

काही सांगत नाही. रोज फोन कानाला. अनिलशेठच्या ओळखीचं कोणी मुंबईत आहे, त्यांच्याशी बोलतो. सलोनी अजून तशीच. आज जेवली नाही.

६ एप्रिल

सकाळी राहुलला सायकलवर मागे बसवून मी पोलादपूरच्या स्टँडवर सोडलं. मुंबईच्या गाडीत बसला, एकटा. तिकडे एक संस्था आहे, दृष्टी गेलेल्यांना काठीने एकटं चालायला, ऐकून वाचायला, काम करायला शिकवतात. दिवाळीपर्यंत तिथेच राहणार. आदल्या दिवशीपर्यंत आईंनाही सांगितलं नव्हतं.

गाडी सुटताना खिडकीशी गेले. म्हटलं, जमेल का हो तुम्हाला एकट्याने? तर म्हणाला, "न जमून कसं चालंल? पोरीला शिकवायचं तर घरात कोणाला तरी आधी येयाला नको?"